कोरड्या रानातला मका आणि युरियाची गोणी

मका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मल्टिप्लेक्समधला महागडा पॉपकॉर्न, नाहीतर पावसाळ्यात हायवेच्या कडेला लिंबू-तिखट चोळून मिळणारं भाजकं कणीस! माझं गाव टेंभुर्णी, तालुका माढा, जिल्हा सोलापूर. आमच्याकडे मका म्हणजे सगळ्यात आधी दूध. गाई-म्हशींचा हिरवा चारा आणि मुरघास यावर दुधाचं गणित चालतं. दाणा कोंबड्यांच्या खाद्याला जातो, आणि अलीकडे इथेनॉलवालेही मका मागायला लागलेत. इंग्रजीत ‘मेझ’ म्हणजे मका आणि ‘मेझ’ म्हणजे भूलभुलैयासुद्धा, स्पेलिंग तेवढं वेगळं. कोरड्या वर्षात मक्याला खत कधी द्यायचं हे बघायला गेलं की दोन्ही अर्थ एकच वाटायला लागतात.

बाहेरच्या लोकांना वाटतं, टेंभुर्णीला कसली आलीय पाण्याची कमी? उजनी धरण तर शेजारीच! खरं आहे, पण धरण शेजारी असणं आणि पाणी रानात असणं यात फरक आहे. ज्याचं रान कालव्याखाली नाही आणि विहिरीला पाणी नाही, त्याने आकाशाकडेच बघायचं. सोलापूर जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर. मक्याच्या एका पिकाला पाचशेच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे वर्षभराचा पाऊस एका पिकाने पिऊन टाकायचा, आणि तोही वेळेवर पडला तर. 2023 चा ऑगस्ट आठवा. 1901 पासूनच्या नोंदींमध्ये तो देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. ऑक्टोबरच्या शेवटी राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा माढा होता. 2024 च्या उन्हाळ्यात उजनीची पातळी वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती.

आता प्रश्न असा. जुलैच्या सुरुवातीला पेरलेला मका महिन्याचा झालाय. पुस्तकात लिहिलंय, तिसाव्या दिवशी नत्राचा दुसरा हप्ता द्या. युरियाची गोणी ओसरीवर आणून ठेवलीय, बहुतेक वेळा उधारीवर. पाऊस मात्र गायब. गोणी फोडायची की नाही? हा प्रश्न वाटतो शेतीचा, पण आत शिरलं की केमिस्ट्री, फ्लुइड्स आणि प्रोबॅबिलिटी हे तिन्ही पेपर निघतात.

आधी सरळ हिशेब करू. आपल्याकडे मक्याला हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद आणि 40 किलो पालाश अशी शिफारस आहे. पेरताना एक तृतीयांश नत्र आणि सगळं स्फुरद-पालाश, मग साधारण तिसाव्या दिवशी आणि पंचेचाळिसाव्या दिवशी उरलेलं नत्र. शिवाय पेरणीआधी हेक्टरी दहा-बारा टन शेणखत, आणि जमिनीत जस्त कमी असेल तर 20 ते 25 किलो झिंक सल्फेट. आपल्या हेक्टरला गावात कोणी विचारत नाही, तिथे सगळा कारभार एकराचा. अडीचने भागा : 48, 24, 16. पण दुकानात ‘नत्र’ मिळत नाही, गोणी मिळते. डीएपीमध्ये 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद असतं. म्हणून 24 किलो स्फुरदासाठी 52 किलो डीएपी, आणि त्यातून 9 किलोच्या वर नत्र फुकटात मिळतं. पहिल्या हप्त्याच्या 16 किलोला कमी पडलेलं नत्र 14 किलो युरियातून येतं. पुढचे दोन हप्ते प्रत्येकी 35 किलो युरिया. पालाशसाठी 27 किलो म्युरेट ऑफ पोटॅश. झालं! फर्स्ट इयरच्या पोराला पण जमेल.

ही शिफारस पाण्याची सोय असलेल्या किंवा पाऊस बरा पडणाऱ्या रानासाठी आहे, हे मात्र लोक विसरतात. निव्वळ पावसावरच्या हलक्या रानात एवढं नत्र ओतून उपयोग नसतो. तिथे डोस कमीच धरावा लागतो, आणि किती कमी, ते जमिनीच्या खोलीवर ठरतं. त्याकडे येतेच, पण आधी खत जमिनीत गेल्यावर काय करतं ते बघू.

मुळाकडे अन्न पोचायचे मुख्य रस्ते दोन. एक म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणं. पानातून बाष्प उडतं, मूळ पाणी ओढतं, आणि त्या पाण्यात विरघळलेलं नायट्रेट आपोआप मुळाशी येतं. म्हणजे शेअर रिक्षा! रिक्षाच बंद पडली तर प्रवासी स्टँडवरच. दुसरा रस्ता डिफ्यूजनचा. जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे हळूहळू सरकणं. फिकचा नियम आपण सगळ्यांनी रट्टा मारून लिहिलाय, पण जमिनीत त्याला एक मेख आहे. हे सरकणं मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ पापुद्रा असतो त्यातूनच होतं. माती सुकत गेली की पापुद्रा पातळ होतो, मध्येमध्ये तुटतो, रस्ता वाकडातिकडा आणि लांब होतो. स्फुरद बिचारं याच रस्त्याने जातं, आणि ओल चांगली असतानासुद्धा अख्ख्या हंगामात काही मिलिमीटरच सरकतं. त्यात आमची काळी जमीन चुनखडीची. तिथला कॅल्शियम स्फुरदाला पकडून ठेवतो. त्यामुळे पीक वर आल्यावर डीएपी वरून फेकलं, तर ते वरच्या कोरड्या थरात बसून राहतं आणि मुळं खाली ओल शोधत निघून जातात. दोघांची भेटच होत नाही.

म्हणूनच कोरडवाहू शेतीत स्फुरद पेरतानाच, बियाच्या शेजारी आणि थोडं खाली, चार-पाच सेंटिमीटर अंतरावर पडलं पाहिजे. याच कामासाठी दोन चाड्यांची पाभर आहे. एका चाड्यात बी, दुसऱ्यात खत. आता ट्रॅक्टरची पेरणी यंत्रं हेच करतात. सोलापूरचं कोरडवाहू शेती संशोधन केंद्र 1933 पासूनचं, आता ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. त्या काळात ना. वि. कानिटकरांसारखी माणसं बांधबंदिस्ती, शेणखत, विरळ पेरणी यांवर काम करत होती, आणि 1944 साली त्यांचा भारतातल्या कोरडवाहू शेतीवरचा ग्रंथ निघाला. एवढ्या जुन्या कामाचं केंद्र आपल्या जिल्ह्यात असून आपल्यातल्या कितीजणांना ते माहीत आहे? असो.

बी आणि युरिया एकाच चाड्यात मात्र कधी घालू नये. युरियापासून अमोनिया होतो, आणि उगवणाऱ्या कोंबाला तो जाळतो. ओल कमी असेल तर क्षारांचं प्रमाणही वाढतं, मग पाणी बियात जायच्या ऐवजी बियातून बाहेर ओढलं जातं. बारावीचा ऑस्मोसिस!

आता युरिया. हा मोठा चालू पदार्थ आहे. पाण्यात टाकला की पाणी गार करतो, दिसतो साखरेसारखा शांत. मातीत युरिएज नावाचं एन्झाइम असतं, ते जरा ओल मिळाली की दोन-चार दिवसांत युरियाचं अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतं. हे मातीच्या आत झालं तर अमोनिया मातीला चिकटून राहतो आणि पुढे त्याचं नायट्रेट होतं. वरच्या वर झालं तर अमोनिया सरळ हवेत. आमच्या जमिनीचा सामू आठच्या वर, ऊन कडक, वारा सुटलेला, म्हणजे उडून जायला सगळी अनुकूल परिस्थिती. अगदी ठणठणीत कोरड्या मातीवर युरिया टाकला तर तो काही काळ तसाच पडून राहतो. घात होतो तो शिंतोड्यांनी. दोन मिलिमीटरचा भुरभुर पाऊस किंवा रात्रीचं दव युरियाला विरघळवतं, पण मातीत खाली नेत नाही. त्याला खाली न्यायला दहा-पंधरा मिलिमीटरचा एक तरी चांगला शिरवा लागतो. परिस्थिती वाईट असेल तर टाकलेल्या नत्राचा चौथा-तिसरा हिस्सा असा हवेत जाऊ शकतो. 2015 पासून देशात युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे, त्यामुळे बरेच जण निर्धास्त असतात. पण तो लेप अमोनियाचं नायट्रेट होणं लांबवतो. अमोनिया उडण्यावर तो झाकण घालत नाही.

विश्वास बसत नसेल तर होस्टेलच्या रूममध्ये प्रयोग करा. मेसमधून दोन प्लास्टिकचे ग्लास घ्या. दोन्हींत काळी माती भरा आणि किंचित ओली करा. एकीत अर्धा चमचा युरिया वर पसरा, दुसरीत तेवढाच युरिया चार-पाच सेंटिमीटर खाली पुरा. केमिस्ट्री लॅबमधून लाल लिटमस मागून आणा (लॅब असिस्टंट काकांना नीट सांगितलं तर देतात). पट्टी ओली करून ग्लासच्या तोंडावर आतून लावा, वर प्लास्टिक ताणून रबर लावा. दोन-तीन दिवसांत पहिल्या ग्लासची पट्टी निळी पडायला लागेल आणि प्लास्टिक काढल्यावर वासच सांगेल. रूम पार्टनरने तक्रार केली तर माझं नाव सांगू नका!

उलट टोकालाही नत्र टिकत नाही, हे सांगायला हवं. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला आणि आमच्याच माढा तालुक्यातली रानं पाण्याखाली गेली. तेव्हा तेच नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपून किंवा जमिनीत हवा न राहिल्याने वायू होऊन गेलं. दोन वर्षांत एकाच तालुक्यात दोन्ही तऱ्हा!

आता जमिनीच्या खोलीचं. जमिनीला मी बॅटरी समजते. बऱ्या काळ्या जमिनीत मीटरभर खोलीला पिकाच्या उपयोगाचं पाणी ढोबळमानाने दीडशे ते दोनशे मिलिमीटर साठतं. ऑगस्टमध्ये ऊन पडलं तर वाढीला लागलेला मका दिवसाला पाच मिलिमीटर तरी खर्च करतो. खाली मुरूम लागलेलं एक फुटाचं रान घ्या. त्यात फुल चार्ज असताना पन्नास मिलिमीटर, म्हणजे दहा दिवसांचा बॅकअप. तीन फुटांचं भारी रान तीन-चार आठवडे तग धरतं. पाऊस दोघांवर सारखाच पडला, उघडीपही सारखीच, पण हलक्या रानातला मका बाराव्या दिवशी पानं गुंडाळतो आणि भारी रानातला हिरवागार उभा. मग दोघांना खताचं वेळापत्रक एकच कसं चालेल? भारी रानात, खाली ओल असेल तर, खत कोळप्याने मातीआड करून देता येतं. हलक्या रानात थांबावंच लागतं. आणखी एक आकडा लक्षात ठेवा. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी. वीस मिलिमीटरचा एक पाऊस म्हणजे दहा हजार लिटरचे आठ टँकर. टँकर विकत घेऊन मका जगवायचा विचार करणाऱ्याने एवढा गुणाकार आधी करावा.

इथे मला एक शब्द फार आवडतो : वाफसा. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला ‘फील्ड कपॅसिटी’ आधी कळली आणि वाफसा नंतर. पण वाफसा त्याहून मोठा शब्द आहे. पाऊस पडून गेलाय, जास्तीचं पाणी निथरलंय, मातीत ओलही आहे आणि हवाही, पायाला चिखल चिकटत नाही, कोळपं नीट चालतं. एवढं सगळं एका शब्दात! माझ्या आजोबांना मी एकदा विचारलं, “आबा, तीस दिवस झाले, तुम्ही युरिया का देत नाही?” तर म्हणाले, “बाय, तापानं फणफणलेल्या माणसाला कुणी जेवाय वाढतं का? वापसा येऊ दे, मग गोणी फोडू.” त्यांनी युरिएजचं नाव आयुष्यात ऐकलेलं नाही.

तर आपल्या भाषेत हे इफ-एल्सचं प्रकरण आहे. पेरणीला ओल चांगली असेल तर स्फुरद, पालाश आणि नत्राचा पहिला छोटा हप्ता देऊन टाका, कारण रोपाने लवकर खोल मूळ धरलं तरच पुढच्या उघडीपीत ते टिकतं. लोक म्हणतात, ‘पाऊस नाही तर खत कशाला?’ हे अर्धंच खरं आहे. उपाशी रोपाची मुळं उथळ राहतात, आणि मग जमिनीत असलेलं पाणीसुद्धा त्याला उचलता येत नाही. सुरुवातीला खताने कंजुषी आणि मागून उदारपणा, हे कोरडवाहू रानात नेमकं उलटं आहे. दुसरा हप्ता तारखेने न देता वाफशाने द्यायचा. तिसाव्याऐवजी अडतिसाव्या दिवशी वाफसा आला तर अडतिसाव्या दिवशी, ओळीच्या कडेने, कोळप्याने झाकून. तिसरा हप्ता खरं तर ऐच्छिक प्रश्न समजावा. मका नत्र सगळ्यात झपाट्याने घेतो ते गुडघ्याएवढा झाल्यापासून तुरा येईपर्यंत. पाऊस साठाव्या दिवशी आला, तुरा पडून गेला, तर तेव्हा टाकलेल्या युरियाने दाण्यात फारशी भर पडत नाही. ती 35 किलोची गोणी रब्बीला ठेवलेली बरी, फक्त सर्दावणार नाही अशा जागी.

तुरा आणि कणसाचे रेशमी केस बाहेर पडण्याचे पंधरा-वीस दिवस हा मक्याचा खरा ओरल. तेव्हा पाणी तुटलं तर तुरा वेळेवर येतो पण केस उशिरा येतात, परागकण झडून जातात आणि कणीस भुंडं राहतं. शेततळ्यात, विहिरीत एखादं पाणी शिल्लक असेल तर ते याच वेळी द्यावं. ते पाणी दुसऱ्या कशाने भरून निघत नाही, खताने तर नाहीच.

ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांचं बरं. युरिया पाण्यातूनच मुळाशी जातो, हप्ते दोनाऐवजी आठ करता येतात.

उघडीपीत दोन टक्के युरियाची किंवा एक टक्का 13:0:45 ची फवारणी करा असं सांगतात. करावी, संध्याकाळी करावी, पोटॅशियम पानांची छिद्रं उघड-मीट करायला कामी येतं म्हणून दुसरी जास्त बरी. पण आकडा बघा. एकरी दोनशे लिटर पाण्यात दोन टक्के म्हणजे चार किलो युरिया, म्हणजे 1.84 किलो नत्र. पिकाची गरज 48 ची. ही फवारणी म्हणजे ग्लुकोजचं पाणी, थाळी नव्हे.

मग लोक कोरड्यात युरिया टाकतात तरी का? माझ्या मते याचं उत्तर दुकानात आहे. 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना आणि 50 किलोची डीएपी 1350 ला. म्हणजे नत्र किलोला साधारण 13 रुपये आणि स्फुरद पन्नासच्या वर. जे स्वस्त ते सढळ हाताने पडतं. पान पिवळं दिसलं की युरिया, शेजाऱ्याने टाकला की युरिया. कोरड्यात पान पिवळं पडतं ते बऱ्याचदा पाण्याअभावी नत्र वर न चढल्यामुळे. नत्र खाली जमिनीत पडून असतं.

शेवटी जे सांगायचं आहे त्यासाठीच खरं तर मी हा लेख लिहायला घेतला. दुष्काळात दाणे भरले नाहीत की शेतकरी काय करतो? उभा मका कापून जनावरांना घालतो. अगदी योग्य. पण त्याच मक्याला भरपूर युरिया दिलेला असेल तर? मूळ नायट्रेट उचलतं, मात्र वाढ थांबलेली असल्याने पान त्याचं प्रथिन करू शकत नाही. ते धाटात साठत जातं, सगळ्यात जास्त बुडख्याकडच्या वीतभर भागात. गाईच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, आणि नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही. जनावर धापा टाकतं, थरथरतं, हिरड्या आणि डोळ्यांच्या कडा निळ्या-तपकिरी होतात, रक्त चॉकलेटसारखं दिसतं. काही तासांत खेळ संपतो. गाभण गाय वाचली तरी गाभडू शकते. कोवळ्या ज्वारीच्या विषाबद्दल गावात पोरासोरांना माहीत असतं, मक्याबद्दल मात्र कोणी बोलताना दिसत नाही.

सुक्या वजनात नायट्रेट साधारण एक टक्क्याच्या वर गेलं की धोका सुरू होतो. उघडीपीनंतर चांगला पाऊस झाला की लगेच कापू नये, तेव्हा मूळ अचानक खूप नायट्रेट ओढतं. सात-आठ दिवस जाऊ द्यावेत. कापताना बुडखा फूटभर रानातच ठेवावा. भुकेल्या जनावरापुढे एकदम पेंढीच टाकू नये, आधी कडबा, मग थोडा थोडा मका. वाळवल्याने नायट्रेट जात नाही. मुरघासात मात्र आंबताना त्यातलं बरंचसं, बऱ्याचदा निम्म्यापर्यंत, कमी होतं. म्हणून संशयाचा मका मुरघासात घालून किमान महिनाभर बंद ठेवावा. खड्डा किंवा पिशवी भरल्यावर सुरुवातीच्या दिवसांत पिवळट-तपकिरी वायू दिसला तर त्याच्याजवळ वाकायचं नाही, तो नायट्रोजन डायऑक्साइड असतो आणि फुफ्फुसं खराब करतो. जनावराला लक्षणं दिसली तर चारा ताबडतोब काढून घ्यायचा आणि पशुवैद्यकाला फोन करताना ‘दुष्काळातला मका, युरिया दिलेला’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. त्याच्यावर मिथिलीन ब्ल्यूचं इंजेक्शन आहे, ते शिरेतून द्यावं लागतं, आणि डॉक्टरांना ते सोबत घेऊन निघावं लागतं.